गाडी कमी, धूर कमी: पिंपळे सौदागरच्या आमच्या सोसायटीत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेलं वर्षभर आमच्या सोसायटीत आम्ही काही जण घरातल्या गाड्यांचा धूर कमी करायचा प्रयत्न करतोय, आणि लिफ्टमध्ये, पार्किंगमध्ये, जनरल बॉडीच्या मीटिंगमध्ये तेच तेच प्रश्न येतात म्हणून सगळं एकदा नीट लिहून काढलंय. पुणेकरांसाठी आधीच सांगते, इथे "गाडी" म्हणजे टू व्हीलर, चारचाकी असेल तिथे कार लिहिलंय. आसपास रहाटणी, वाकड, पिंपळे निलख, विशालनगर कुठेही राहत असाल तरी बऱ्यापैकी लागू पडेल.

माझ्या गाडीची पीयूसी पास आहे, मग धूर कसला?

हा प्रश्न सगळ्यात आधी येतो. पीयूसीमध्ये पेट्रोल गाडीचा कार्बन मोनॉक्साईड आणि हायड्रोकार्बन बघतात, डिझेल असेल तर धूर किती काळा आहे ते बघतात. हे बघायलाच हवं, कारण ते आपल्याच पोरांच्या नाकात जातं. पण पृथ्वी तापवणारा जो कार्बन डायऑक्साईड आहे त्यावर पीयूसी पास-नापास ठरत नाही, आणि तो ना दिसतो ना त्याला वास येतो. कोरी करकरीत बीएस ६ गाडी असली तरी जेवढं पेट्रोल जळेल तेवढा तो बाहेर पडणारच. म्हणून इथे आपण पेट्रोल किती जळलं तेवढंच मोजतो.

एक लिटर पेट्रोलमधून सव्वादोन किलोच्या वर गॅस, म्हणजे हाच कार्बन डायऑक्साईड, निघतो म्हणता, लिटरभर पेट्रोल तर किलोचंही नसतं, मग हे कसं?

अगदी बरोबर शंका आहे, मलाही सुरुवातीला पटलं नव्हतं. लिटरभर पेट्रोलचं वजन साधारण ७४० ग्रॅम, त्यातला कार्बन असतो ६४० ग्रॅमच्या आसपास. जळताना कार्बनच्या प्रत्येक अणूला हवेतल्या ऑक्सिजनचे दोन अणू चिकटतात, कार्बनचं वजन १२ धरलं तर त्या दोन ऑक्सिजनचं ३२, म्हणजे १२ चे झाले ४४. ६४० ग्रॅमला या हिशोबाने वाढवा, २.३ किलो येतात. जास्तीचं वजन हवेतून आलेलं असतं. डिझेलला लिटरमागे २.६-२.७ किलो आणि सीएनजीला किलोमागे साधारण २.७ किलो.

आता पंपावर ई-२० पेट्रोल मिळतं, त्यात २० टक्के इथेनॉल असतं, त्यामुळे सायलेन्सरमधून लिटरमागे थोडा कमी गॅस निघतो पण मायलेजही थोडं पडतं. घरच्या हिशोबाला २.३ धरून चाला.

घराचा हिशोब काढायचा कसा? ॲप लागतं का?

काही लागत नाही. एक वही आणि दोरीने बांधलेलं पेन. आमच्या फ्रिजच्या बाजूला खिळ्याला वही टांगलेली आहे, पाठपोट शंभर पानी, मुलाच्या शाळेची उरलेली. पंपावर टाकी फुल केली की ओडोमीटरचा आकडा लिहायचा, पुढच्या वेळी परत फुल केली की किती लिटर बसलं आणि आकडा किती झाला ते लिहायचं. दोन-तीन वेळा केलं की तुमचं खरं मायलेज कळतं, शोरूममध्ये सांगितलेलं नाही तर कोकणे चौकाच्या सिग्नलला उभं राहून मिळणारं. आमच्या कारचं आम्ही सोळा-सतरा धरून चाललो होतो, निघालं बारा. अख्खं कुटुंब त्या वहीकडे बघत बसलं होतं त्या दिवशी.

उदाहरण घ्या. गाडी रोज १२ किलोमीटर, महिन्याचे २५ दिवस म्हणजे ३०० किलोमीटर, मायलेज ४५, तर पेट्रोल ६.७ लिटर आणि गॅस १५ किलो. कार रोज २० किलोमीटर, २४ दिवस म्हणजे ४८० किलोमीटर, मायलेज १२, तर ४० लिटर आणि ९२ किलो. वर्षाला एका कारचा टनाच्या वर गेला. हे फक्त जळलेल्या पेट्रोलचं, पेट्रोल काढणं, शुद्ध करणं, टँकरने आणणं वेगळंच.

आणि अजून एक, वहीत फेरी कशासाठी होती तेही लिहा. "दूध", "क्लास", "झेरॉक्स", "आजींचं बीपीचं औषध". दोन आठवडे लिहिलं तरी पुरे, पुढच्या सगळ्या प्रश्नांचं उत्तर त्यातच सापडतं.

मग सगळ्यात जास्त कुठे वाचतं?

आमच्या वहीप्रमाणे निम्म्याहून जास्त फेऱ्या तीन किलोमीटरच्या आतल्या होत्या. किलोमीटरमध्ये मोजलं तर ऑफिसचा प्रवास मोठा आहे हे खरं, पण तो बदलायला वेळ लागतो, या छोट्या फेऱ्या उद्यापासून बदलता येतात. शिवाय छोटी फेरी दिसते तेवढी छोटी नसते. थंड इंजिनाला सुरुवातीला जास्त पेट्रोल लागतं, आणि सायलेन्सरमधला धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापल्याशिवाय त्याचं काम धड सुरूच होत नाही, म्हणजे कार काढून कोथिंबीर आणायला गेलात तर इंजिन तापायच्या आत तुम्ही परत घरी, किलोमीटरमागे सगळ्यात घाण धूर याच फेरीत निघतो.

आम्ही काय केलं तर घरात एक साधा नियम ठरवला, एक किलोमीटरच्या आत असेल तर चालत, तीनच्या आत असेल तर सायकल किंवा चालत, आणि गाडी काढलीच तर एका फेरीत तीन कामं. खुंटीवर गाडीच्या किल्लीशेजारी कापडी पिशवी टांगून ठेवली, किल्लीला हात घातला की पिशवी हाताला लागते आणि आठवतं की अरे हे तर चालत जाण्यासारखं आहे. ऐकायला फालतू वाटेल पण या पिशवीने जेवढं काम केलं तेवढं कुठल्या भाषणाने केलं नाही. पहिल्या तीन महिन्यांत आमच्या गाडीची टाकी महिन्यात दोनदा फुल व्हायची ती एकदा व्हायला लागली.

मुलांना शाळेत सोडणं चालत कसं जमणार, रस्ता किती वाईट आहे!

यावर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण हा विषय मला जवळचा आहे. शाळा घरापासून सव्वा किलोमीटर, आणि तरी सकाळी साडेसातला गेटबाहेर कारची रांग, प्रत्येक कारमध्ये एक आई किंवा बाबा आणि एक मूल, सगळ्यांची इंजिनं चालू, एसी चालू. रस्ता धोकादायक म्हणून आपण मुलाला कारने सोडतो, आणि रस्ता धोकादायक होतो तो आपल्याच कारमुळे. हे चक्र कुठेतरी तोडायला हवं होतं.

आम्ही चार घरांनी मिळून चालती रांग सुरू केली. सात वाजून पाच मिनिटांनी बी विंगखाली जमायचं, दोन मोठी माणसं, एक पुढे एक मागे, मधे मुलं दोन-दोनच्या जोडीने. आठवड्याची पाळी आधीच ठरलेली, त्यामुळे प्रत्येक घराला आठवड्यातून दोन-तीनच दिवस जावं लागतं, बाकीचे दिवस तुम्ही मोकळे. सोडायला कार काढणाऱ्या आई-बाबांना रोज पाऊण तास जायचा तो वाचला, खरं तर याच कारणाने लोक आले, पर्यावरणाचं नाव ऐकून फारसं कोणी आलं नव्हतं, आणि माझं त्यावर काही म्हणणं नाही, कशानेही या पण या. आता चौदा मुलं आहेत. रस्ता ओलांडायच्या जागी पुढचं मोठं माणूस हात वर करून उभं राहतं, मागचं सगळ्यात शेवटी ओलांडतं, मुलांना हे इतकं पाठ झालंय की एकदा पुढच्या काकू हात वर करायला विसरल्या तर सगळी रांग जागच्या जागी थांबली.

पावसात काय? रेनकोट, आणि दप्तरावर प्लास्टिकचं कव्हर. फार जोराचा असेल तर त्या दिवशी रिक्षा किंवा कार, दोन कारमध्ये मावतील तेवढी मुलं. वर्षातले असे दिवस मोजले तर फार होत नाहीत.

शाळा लांब असेल तर स्कूलबस किंवा परवाना असलेली व्हॅन. वीस मुलांच्या वीस कारपेक्षा एक व्हॅन कधीही बरी, फक्त मुलं कोंबलेली नाहीत ना आणि व्हॅनमध्ये लक्ष द्यायला कोणी आहे ना ते बघा.

ऑफिस हिंजवडीत आहे, बसने जाणं जमतच नाही, काय करू?

इथून हिंजवडी फेजप्रमाणे आठ ते चौदा किलोमीटर. बस जमत नाही असं म्हणणाऱ्या बऱ्याच जणांनी बस शेवटची कधी पकडली होती ते आठवून बघा, मी स्वतः कॉलेजनंतर पंधरा वर्षं पीएमपीएमएलमध्ये पाऊल ठेवलं नव्हतं. नाशिक फाटा ते वाकड बीआरटी २०१५ पासून आपल्या दारातून जाते, आणि कितीही तक्रारी असल्या तरी गर्दीच्या वेळी स्वतःची लेन असलेली बस कारच्या रांगेला मागे टाकते. लेनमध्ये कार घुसवणारे आहेतच, तो राग वेगळा. ॲपवर बस कुठे आहे ते दिसतं, स्टॉपवर अर्धा तास उभं राहायची गरज नाही. कंपनीची बस असेल तर प्रश्नच मिटला.

हिशोब बघा. सीएनजीची मोठी बस किलोमीटरला अंदाजे एक किलो गॅस सोडते. आत ४० माणसं असतील तर माणशी २५ ग्रॅम. एकट्याने चालवलेली पेट्रोल कार, मायलेज १२, किलोमीटरला १९० ग्रॅमच्या आसपास. आणि बसमध्ये पाचच माणसं असली तर माणशी २०० ग्रॅम, म्हणजे कारपेक्षाही जास्त. पण बस तर धावणारच आहे, तुम्ही चढलात म्हणून तिचा धूर वाढत नाही, रस्त्यावरची एक कार मात्र कमी होते.

रोज शक्य नसेल तर आठवड्यातून दोन दिवस करा. पाचातले दोन दिवस म्हणजे ऑफिसच्या धुरातला ४० टक्के गेला. घरून काम करायची सोय असेल तर तीही याच हिशोबात धरा, फक्त घरी बसलोय म्हणून दुपारी कारने मॉलला चक्कर नको.

मेट्रो चांगली आहे पण स्टेशनपर्यंत जायचं कसं?

हाच खरा अडथळा आहे, स्टेशनपासून पुढे सगळं सुरळीत आहे. आपल्याला जवळ पडतं नाशिक फाट्याचं स्टेशन, तीन-चार किलोमीटर. ही लाईन आधी मार्च २०२२ मध्ये पीसीएमसी ते फुगेवाडी सुरू झाली, ऑगस्ट २०२३ मध्ये सिव्हिल कोर्टपर्यंत गेली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये जमिनीखालून मंडईवरून स्वारगेटला पोचली. सिव्हिल कोर्टला उतरून दुसरी लाईन पकडली की एकीकडे वनाज, दुसरीकडे रामवाडी. दिवाळीची खरेदी, लक्ष्मी रोड, तुळशीबाग या सगळ्यासाठी मंडईला उतरायचं, पार्किंग शोधत बुधवारात गोल गोल फिरण्यात जेवढं पेट्रोल जातं ते आठवा. शनिवार-रविवारी तिकिटात सूटही असते.

नाशिक फाट्यापर्यंत तीन मार्ग. बीआरटीची बस, शेअर रिक्षा, किंवा सायकल. सायकल मेट्रोत नेता येते, मी दोनदा नेली आहे, गर्दीच्या वेळी नका नेऊ एवढंच. गाडीने जाऊन स्टेशनजवळ लावली तरी हरकत नाही, तीन किलोमीटर गाडी आणि बाकी मेट्रो हे अख्खा रस्ता कारने जाण्यापेक्षा कितीतरी चांगलं. आणि त्याच ठिकाणी कासारवाडीचं रेल्वे स्टेशन आहे हे खूप जणांना माहीतच नसतं, लोणावळा लोकल तिथे थांबते, तळेगाव देहूरोडला जाणाऱ्यांनी नक्की विचार करावा.

हिंजवडीहून शिवाजीनगरला जाणारी तिसरी लाईन वाकड, बालेवाडीवरून जाते, तिथेही प्रश्न हाच, स्टेशनपर्यंत कसं पोचायचं. म्हणून फूटपाथ आणि फीडर बस मागत राहणं हे आपलं काम आहे, मेट्रोचे खांब उभे राहिले म्हणजे झालं असं नाही.

कारपूल करायचं आहे, पण पैसे घेतले तर कायद्याची अडचण येते का?

पांढऱ्या नंबरप्लेटची कार भाड्याने चालवायला परवानगी नसते. म्हणून आम्ही पैशाचा व्यवहारच ठेवला नाही. आज माझी कार, उद्या तुमची, परवा त्यांची. तीन घरं, तीन कार, रस्त्यावर एकच. ज्यांच्याकडे कार नाही ते आठवड्यातून एकदा नाश्ता आणतात, पोहे कोणाचे चांगले यावरून चर्चा होते, त्याला कोणी भाडं म्हणू शकत नाही.

मोडतं कुठे तेही सांगते. वेळेवर. आठ वाजता म्हणजे आठ वाजता खाली, पाच मिनिटं थांबणार आणि निघणार, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट बोला, नाहीतर चांगल्या शेजाऱ्यांत कटुता येते. संध्याकाळी परतायची वेळ जुळत नसेल तर जाताना पूल आणि येताना बस, तेही चालतं.

सायकल? या ट्रॅफिकमध्ये? आणि या वयात?

पुणे एकेकाळी सायकलींचं शहर होतं, आपल्यातल्या बऱ्याच जणांचे वडील सायकलवर पिंपरीच्या, आकुर्डीच्या कारखान्यात जायचे, डबा हँडलला. माझे बाबा भोसरीला जायचे, पायजम्याला पोलादी क्लिप लावून, ती क्लिप अजून माझ्याकडे आहे. सायकल शेअरिंगचा प्रयोग डिसेंबर २०१७ मध्ये पुण्यात झाला, भराभर सायकली आल्या आणि मग गायबही झाल्या, मला तेव्हा फार वाईट वाटलं होतं कारण लोकांनी खरंच वापरल्या होत्या.

ट्रॅफिकची भीती खरी आहे, ती मी हसण्यावारी नेणार नाही. मेन रोड टाळा. आपल्या भागात आतले रस्ते भरपूर आहेत, लिनियर गार्डनच्या बाजूने, सोसायट्यांच्या मधून, थोडं फिरून जावं लागतं पण शांत. एका रविवारी सकाळी रिकाम्या रस्त्यावर मार्ग ठरवून घ्या, मग वर्किंग डेला जा. हेल्मेट, मागे लाल दिवा, रात्री चमकणारा पट्टा. घामाचं म्हणाल तर तीन किलोमीटर हळूहळू चालवली तर फारसा येत नाही, एप्रिल-मे सोडून. गुडघे दुखत असतील तर बॅटरीवाली सायकल बघा, चढाला ती ढकलते, आणि वीज इतकी कमी खाते की बिलात दिसत पण नाही.

इलेक्ट्रिक घेऊ का? वीज तर कोळशाचीच आहे ना?

हो, आपली वीज अजून बरीचशी कोळशाचीच आहे, देशाच्या ग्रिडमधली एक युनिट वीज म्हणजे साधारण ०.७ किलो गॅस. तरीही हिशोब इलेक्ट्रिकच्या बाजूने लागतो, कारण पेट्रोल इंजिनात बहुतेक ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते, मोटरमध्ये तसं होत नाही. इलेक्ट्रिक स्कूटर चार्जिंगमधली गळती धरून किलोमीटरला ३५ वॅट-तास घेते असं धरा, म्हणजे २५ ग्रॅमच्या आसपास. पेट्रोल स्कूटर ५० ग्रॅम. निम्मं. इलेक्ट्रिक कार १०५ ग्रॅमच्या जवळपास, पेट्रोल कार १९०.

आता हे आकडे शेजारी ठेवून बघा, एकट्याने चालवलेली इलेक्ट्रिक कार १०५, आणि साधी पेट्रोल स्कूटर ५०! म्हणजे स्कूटर विकून इलेक्ट्रिक कार घेतली आणि त्यात एकटे फिरलात तर धूर वाढला, फक्त तो कोराडीच्या किंवा चंद्रपूरच्या कोळशाच्या वीजकेंद्रातून निघाला. तिथेही माणसं राहतात. म्हणून माझं मत असं की पहिली बदलायची ती गाडी, घरात दोन असतील तर त्यातली एक इलेक्ट्रिक करा, कार बदलायची घाई नको. चांगल्या चालणाऱ्या कारला भंगारात काढून नवी घेण्यातही बॅटरी, पोलाद यांचा धूर आहेच. कार म्हातारी झाली, बदलायचीच आहे, आणि रोजचं रनिंग जास्त आहे, तेव्हा जरूर इलेक्ट्रिक घ्या.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये चार्जिंगला कमिटी नाही म्हणते, काय करायचं?

केंद्र सरकारच्या ऊर्जा मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये घरी किंवा ऑफिसला असलेल्या वीज कनेक्शनवरून गाडी चार्ज करता येते असं स्पष्ट आहे. पण कमिटीशी भांडून वायर टाकू नका. कमिटीची भीती आगीची असते आणि ती अगदीच चुकीची नाही. आमच्याकडेच एका घराने पहिल्या मजल्यावरच्या खिडकीतून साधी एक्स्टेन्शन वायर खाली सोडली होती, इस्त्रीला वापरतो तसली, रात्री दहाला चार्जिंगला लावली आणि सकाळी वॉचमनकाकांना जळका वास आला, थ्री पिनचं प्लास्टिक वितळून सॉकेटला चिकटलेलं, भिंतीवर हातभर काळा डाग. नशिबाने तेवढ्यावर निभावलं. तो सॉकेट आम्ही फेकला नाही, मीटिंगमध्ये टेबलावर ठेवला, आणि त्यानंतर चर्चा "द्यायचं की नाही" वरून "नीट कसं द्यायचं" यावर आली.

मग ठरलं ते असं. परवाना असलेल्या इलेक्ट्रिशियनकडूनच काम. प्रत्येक पॉइंटला वेगळा एमसीबी आणि शॉक लागू नये म्हणून आरसीसीबी, अर्थिंग तपासलेलं, वायर योग्य जाडीची आणि पाइपातून, पावसाचं पाणी पोचणार नाही इतक्या उंचीवर. गाडीसाठी साधा पॉइंट पुरतो, कारला घरगुती १६ अँपिअरवर तीन किलोवॅटच्या आसपास लोड येतो, त्यापेक्षा मोठा सात किलोवॅटचा चार्जर बसवायचा असेल तर आधी महावितरणकडे मंजूर लोड वाढवून घ्यावा लागतो. वीज स्वतःच्या मीटरवरून घ्या, किंवा कॉमन मीटरवरून घेत असाल तर सब-मीटर लावा, नाहीतर "आमच्या मेंटेनन्समधून त्यांची गाडी चालते" हे वाक्य ऐकायला तयार राहा.

छतावर सोलर लावायचा विचार असेल तर तो याला जोडूनच करा. पीएम सूर्यघर योजनेत हाउसिंग सोसायटीला कॉमन सोयींसाठी, त्यात गाड्यांचं चार्जिंगही धरलेलं आहे, किलोवॅटला १८,००० रुपये अनुदान मिळतं. आणि गाडी दुपारी घरी उभी असेल तर दुपारीच चार्ज करा, तेव्हा ग्रिडमध्ये सूर्याची वीज जास्त असते.

सीएनजी कार चांगली ना?

पेट्रोलपेक्षा साधारण पाचव्या हिश्शाने कमी गॅस, आणि काजळी फारच कमी. वाईट नाही. पण सीएनजीची गळती झाली तर त्यातला मिथेन कार्बन डायऑक्साईडपेक्षा कितीतरी पटीने तापवतो, म्हणून किट कंपनीचंच असू दे, बाहेरून जुगाड नको, आणि सिलिंडरची टेस्ट वेळेवर. स्वस्त पडतं म्हणून रनिंग दुप्पट होतं हे मात्र मी तीन घरांत बघितलंय, मग फायदा कुठे राहिला.

आहे तीच गाडी ठेवायची आहे, त्यात काही होण्यासारखं आहे का?

भरपूर. टायरमधली हवा पंधरा दिवसांनी बघा, कमी हवेवर गाडी ओढल्यासारखी चालते आणि पेट्रोल जास्त पिते. एअर फिल्टर साफ. डिकीतलं कायमचं ओझं काढा. जगताप डेअरीच्या सिग्नलला आकडा मोठा दिसत असेल तर इंजिन बंद करा. सिग्नल सुटल्यावर जोरात पळवून पुढच्या सिग्नलला ब्रेक मारण्यात काहीच मिळत नाही, पोचतो आपण सगळे एकाच वेळी. आणि एकाच दिशेला जाणारे दोघं दोन गाड्यांवर जाऊ नका, डबलसीट बसा, पण दोघांनाही हेल्मेट.

ऑनलाइन मागवलं तर माझी फेरी वाचली, बरोबर ना?

तुमची वाचली, डिलिव्हरीवाल्या मुलाची वाढली. एका टेम्पोतून पन्नास घरांचं सामान आलं तर खरंच वाचतं, पण दहा मिनिटांत एक दही आणि एक ब्रेडसाठी एक मुलगा एक गाडी घेऊन येतो तेव्हा काही वाचत नाही, आणि त्याच्या जिवाला घोर तो वेगळा. यादी करून आठवड्याचं एकदम मागवा, किंवा खालच्या वाण्याकडून घ्या, त्याचा माणूस चालत आणून देतो.

घरी ज्येष्ठ आहेत, त्यांना दवाखान्यात नेताना हे सगळं कसं करणार?

करू नका. त्यांना कारने न्या, निवांत न्या. हा प्रयत्न त्यांच्या गुडघ्यांच्या जिवावर करायचा नाहीये. मोकळ्या फेऱ्या बदलायला भरपूर आहेत.

गावाला जाताना?

चार जण आणि सामान असेल तर कार भरून जाते, माणशी धूर फार नाही पडत. एकटे किंवा दोघं असाल तर रेल्वे, नाहीतर एसटी. एसटीत महिलांना मार्च २०२३ पासून निम्मं तिकीट आहे, पंचाहत्तरीपुढच्यांना फुकट, माझी आई त्यामुळे साताऱ्याला स्वतःची स्वतः जाऊन येते आणि आम्हाला सोडायला यायची गरज पडत नाही. मुंबईला तर ट्रेनसारखं काही नाही, ती विजेवर धावते आणि घाटात झोप पण होते.

मी एकट्याने केलं तर काय फरक पडणार?

वर्षाला एका कारचे ३००-४०० किलो कमी झाले तर ते कमीच झाले, कोणी बघो न बघो. पण आमच्याकडे झालं ते असं की चालती रांग चार मुलांवर सुरू झाली, बाकीच्यांनी गॅलरीतून बघितली आणि खाली उतरले. चौदा मुलांच्या रांगेसाठी शाळेसमोर झेब्रा क्रॉसिंग मागायला गेलो तेव्हा आमचं ऐकून घेतलं गेलं, पट्टे मारले गेले. एकटी गेले होते तेव्हा नुसता अर्ज ठेवून घेतला होता.

सायकल गॅलरीत तीन वर्षं पडून आहे, टायर बसलेत, चेन गंजलीये, आता काय करू?

बहुतेक वेळा ट्यूब, ब्रेकचे रबर आणि चेनला तेल एवढ्यावर भागतं. टायरला भेगा असतील तर टायर बदला, त्यात कंजुषी नको. सीटची उंची बघा, पेडल सगळ्यात खाली असताना गुडघा किंचितच वाकलेला हवा, बरेच जण सीट खाली ठेवून चालवतात आणि मग गुडघे दुखले म्हणून सोडतात. महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी आठ ते दहा आम्ही सी विंगच्या पार्किंगमध्ये पंप, पान्यांचा डबा आणि तेलाची बाटली घेऊन बसतो, सायकल घेऊन या, आणि येताना जुनं फडकं आणा, चेन पुसायला आमच्याकडची नेहमी संपतात.